अंगात मुरलेले औषध : केमोथेरपीविषयक तीन साहित्यकृतींची चिकित्सा

१. प्रस्तावना

केमोथेरपीचे वर्णन मराठी घरांतून बहुधा संख्येने केले जाते. 'सहा केमो झाल्या, दोन राहिल्या' असे रुग्णाचे नातेवाईक सांगतात आणि शेवटचा डोस पार पडला की 'केमो संपली' असे म्हणून मोकळे होतात. या बोलण्यात एक गृहीतक दडलेले आहे. औषध शरीरात येते, आपले काम करते आणि निघून जाते, हे ते गृहीतक होय. औषधविज्ञानाच्या दृष्टीने ते अर्धेच खरे आहे. काही औषधे व त्यांच्यापासून शरीरात तयार होणारी चयापचयजन्य द्रव्ये रक्तातून नाहीशी झाल्यावरही ऊतींमध्ये आठवडे, महिने, क्वचित अनेक वर्षे टिकून राहतात.

कर्करोगाच्या उपचाराविषयी समाजाची जी समजूत घडते, तिच्यात वैद्यकीय माहितीपत्रकांइतकाच साहित्याचाही वाटा असतो. म्हणूनच इंग्रजीतील तीन बहुचर्चित कृती या प्रश्नाच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. सुसान सॉन्टॅग यांचा 'इलनेस ॲज मेटाफर' हा दीर्घ निबंध (१९७८), मार्गारेट एडसन यांचे 'विट' हे नाटक (प्रथम प्रयोग १९९५) आणि सिद्धार्थ मुखर्जी यांचा 'द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज' हा ग्रंथ (२०१०) या त्या कृती होत. तिन्ही कृतींचे वाङ्मयीन मोल निर्विवाद आहे. प्रश्न एवढाच की, औषध शरीरात प्रवेश करते तेव्हा पुढे त्याचे काय होते, याविषयी या कृती वाचकाला काय सांगतात आणि कोणत्या जागी थांबतात.

२. रक्ताचे माप आणि ऊतीचे माप

साहित्यकृतींकडे वळण्यापूर्वी शास्त्रीय भूमिका स्पष्ट करणे आवश्यक आहे. औषध शरीरातून किती वेगाने कमी होते, हे सामान्यतः रक्तद्रवातील प्रमाणावरून ठरविले जाते. रक्ताचा नमुना सहज मिळतो. हृदयाचा किंवा अंतर्कर्णाचा मिळत नाही. त्यामुळे 'अर्धायुकाल' ही संज्ञा व्यवहारात रक्ताची संज्ञा झाली आहे. रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ ती सांगते. ऊतीत काय उरले, हे ती सांगेलच असे नाही.

ऊतींमध्ये साठा होण्याच्या रीती एकसारख्या नाहीत. पहिली रीत बांधले जाण्याची आहे. सिसप्लाटिन या औषधातील प्लॅटिनम प्रथिनांशी व जनुकद्रव्याशी घट्ट रासायनिक बंध निर्माण करते. वृषणाच्या कर्करोगातून बरे झालेल्या पुरुषांच्या रक्तद्रवात उपचारानंतर दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही प्लॅटिनम आढळल्याचे नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले. एवढ्या काळानंतर रक्तात दिसणारे प्लॅटिनम ऊतींमधील साठ्यातून हळूहळू बाहेर पडत असावे, असाच त्याचा अर्थ लावला जातो. अंतर्कर्णातील कॉक्लिया या शंखाकृती भागात सिसप्लाटिन महिनोन्‌महिने, किंबहुना वर्षानुवर्षे टिकून राहते, हे २०१७ साली उंदरांच्या व मानवी ऊतींच्या अभ्यासातून दाखविण्यात आले. या औषधाने येणारे बहिरेपण कायमचे का ठरते, याचे एक कारण तेथे सापडते.

दुसरी रीत पेशीत अडकून पडण्याची आहे. मेथोट्रेक्सेट पेशीत शिरले की एक विकर त्याला ग्लुटामेट या अमिनो आम्लाची एकामागून एक कडी जोडत जाते. असा साखळीबद्ध झालेला रेणू पेशीबाहेर सहजी पडू शकत नाही. येथे हा साठा दोष नसून औषधाच्या परिणामाचे कारण आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. मात्र फुप्फुसाच्या आवरणात किंवा पोटात पाणी झालेल्या रुग्णात हेच औषध त्या पाण्यात जमा होते, तेथून सावकाश रक्तात परतते आणि विषारी परिणाम लांबविते.

तिसरी रीत विघटनाच्या अभावाची आहे. ब्लिओमायसिनचे विघटन करणारे विकर बहुतेक अवयवांत असते. फुप्फुस व त्वचा यांमध्ये ते अत्यल्प असते. परिणामी या औषधाची सर्वाधिक झळ याच दोन ठिकाणी बसते. चौथी रीत निचऱ्याच्या वाटेवर होणाऱ्या साठ्याची होय. सायक्लोफॉस्फामाइडपासून ॲक्रोलिन हे दाहक द्रव्य तयार होते. ते मूत्रावाटे बाहेर पडायला निघते आणि मूत्राशयात थांबून त्याच्या अस्तराला इजा करते. मेस्ना हे संरक्षक औषध देतात ते याच कारणासाठी. म्हणजे जी क्रिया औषध 'बाहेर टाकण्याची' म्हणून ओळखली जाते, तीच एका अवयवापुरती साठवणुकीची ठरते.

३. अवशेष आणि व्रण

या विवेचनात एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. औषध मागे राहणे ही एक गोष्ट आणि औषधाने केलेली इजा मागे राहणे ही दुसरी. पहिल्याला अवशेष म्हणता येईल, दुसऱ्याला व्रण.

डॉक्सोरुबिसिन या औषधाच्या बाबतीत हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. हृदयाच्या स्नायूंत त्याचे डॉक्सोरुबिसिनॉल हे अल्कोहोलरूपी द्रव्य तयार होते आणि मूळ औषधापेक्षा ते तेथून सावकाश बाहेर पडते. हृदयाला होणारी हानी आयुष्यात मिळालेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात एकूण मात्रा प्रति चौरस मीटर ४०० मिलिग्रॅम असता सुमारे ५ टक्के, ५५० असता सुमारे २६ टक्के आणि ७०० असता सुमारे ४८ टक्के रुग्णांमध्ये हृदयक्रिया दुर्बल होण्याचे प्रमाण अनुमानिले गेले. परंतु यावरून दहा वर्षांपूर्वीचे औषध अद्याप हृदयात आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. येथे बेरीज होते ती मुख्यतः इजेची. औषधाचे रेणू निघून जातात. गमावलेल्या स्नायुपेशी जवळजवळ भरून येत नाहीत. अल्किलीकारक औषधांनी अस्थिमज्जेच्या जनुकद्रव्यात केलेले बदलही असेच असतात. औषध काही दिवसांत संपते आणि रक्ताचा कर्करोग काही वर्षांनी उद्भवतो.

अवशेष आणि व्रण यांची गल्लत केली तर अकारण भीती पसरते. दोन्ही नाकारले तर निष्काळजीपणा वाढतो. कोणत्याही लेखनाची परीक्षा करताना हे दोन्ही दोष टाळणे इष्ट आहे.

४. सॉन्टॅग : युद्धाचे रूपक आणि त्याचा शेवट

सॉन्टॅग यांना १९७५ साली स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या निबंधात त्यांनी स्वतःच्या आजाराचा उल्लेखही केला नाही. आजार हा आजारच असतो, त्याला रूपकांच्या ओझ्यातून मुक्त केले पाहिजे, हे त्यांचे प्रतिपादन होते. कर्करोगाच्या भाषेवरील युद्धाची छाया त्यांनी नेमकी हेरली. पेशी 'आक्रमण' करतात, शरीराचे 'संरक्षण' कोसळते, किरणोपचारात 'मारा' होतो आणि केमोथेरपी म्हणजे विषांनी लढलेले रासायनिक युद्ध ठरते. या भाषेने रुग्णाच्या माथी लाज व अपराधभाव येतो, हा त्यांचा आक्षेप आजही तितकाच ग्राह्य आहे.

तथापि या रूपकाचा आणखी एक दोष आहे आणि तो निबंधाच्या कक्षेबाहेर राहतो. युद्धाच्या कल्पनेत शेवट गृहीत असतो. सैन्य येते, लढते, जिंकते वा हरते आणि परत जाते. प्लॅटिनम परत जात नाही. येथे इतिहासाचा दाखला उद्बोधक आहे. केमोथेरपीचे पहिले औषध, नायट्रोजन मस्टर्ड, खरोखरच युद्धवायूच्या संशोधनातून आले. अमेरिकेतील येल विद्यापीठात १९४२ साली ते प्रथम रुग्णाला देण्यात आले. म्हणजे केमोथेरपीचे युद्धाशी असलेले नाते रूपकापुरते नाही, वंशाचेही आहे. परंतु ज्या भूमीवर रासायनिक अस्त्रे वापरली गेली तेथील माती युद्धसमाप्तीनंतरही दूषित राहते, ही बाजू रूपक स्वीकारताना सोडून दिली गेली. रूपकावर आक्षेप घ्यायचा तर ते अतिशयोक्त आहे एवढे म्हणून भागत नाही. ते अपुरे आहे, हेही म्हणावे लागते.

दुसरे असे की, रूपके दूर सारल्यावर जी वैद्यकीय भाषा उरते, ती निर्मळ व वस्तुनिष्ठ असेल, असा विश्वास सॉन्टॅग यांच्या मांडणीत अनुस्यूत आहे. औषधविज्ञानाची भाषाही रूपकांपासून मुक्त नाही. शरीराचे 'कप्पे' पाडणे, औषधाची 'सफाई' होणे, त्याचे 'निष्कासन' होणे या सर्व कल्पना हिशेबाच्या सोयीसाठी रचल्या आहेत. कप्पा हा गणिताचा असतो; मूत्रपिंड हा मांसाचा असतो. सॉन्टॅग यांनी रोगाची भाषा तपासली, उपचाराच्या या दुसऱ्या भाषेला मात्र त्यांनी हात लावला नाही. त्यांच्या स्वतःच्या चरित्रात हा प्रश्न पुढे तीव्रतेने उभा राहिला. २००४ साली त्यांचा मृत्यू झाला तो अस्थिमज्जेच्या विकाराने, आणि हा विकार पूर्वीच्या कर्करोग-उपचारांचा उत्तरपरिणाम म्हणून उद्भवू शकतो, हे वैद्यकास ज्ञात आहे. एका व्यक्तीच्या बाबतीत कार्यकारणभाव ठामपणे सांगता येत नाही. परंतु उपचार संपल्यावर आजाराची कथा संपते, हे मानणे किती अपुरे आहे, एवढे मात्र त्यातून जाणवते.

५. 'विट' : आत किती, बाहेर किती

'विट' या नाटकाला १९९९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. सतराव्या शतकातील इंग्रजी काव्याच्या प्राध्यापिका व्हिव्हियन बेअरिंग यांना बीजकोशाचा चौथ्या टप्प्यातील कर्करोग होतो आणि एका प्रायोगिक उपचारपद्धतीच्या आठ फेऱ्या त्यांना पूर्ण मात्रेत दिल्या जातात. नाटकातील दोन्ही औषधांची नावे काल्पनिक आहेत. त्यांपैकी 'विनप्लाटिन' हे नाव मात्र प्लॅटिनमयुक्त औषधांची आठवण करून देते आणि बीजकोशाच्या कर्करोगात प्रत्यक्षातही तीच औषधे मुख्य असतात.

या नाटकाची समीक्षा आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे : संशोधनासाठी रुग्णाचे वस्तूकरण आणि बुद्धीपेक्षा करुणेचे श्रेष्ठत्व. औषधाच्या अंगाने पाहिल्यास तिसरा मुद्दा पुढे येतो. नाटकात फेऱ्यांची गणती हे अभिमानाचे माप आहे. आठही फेऱ्या पूर्ण मात्रेत सोसणे हा डॉक्टरांच्या दृष्टीने विक्रम आणि बाईंच्या दृष्टीने अखेरची विद्वत्ताच ठरते. मळमळ, केस गळणे, प्रतिकारशक्ती ढासळल्याने एकांतात ठेवले जाणे हे तात्काळ परिणाम रंगमंचावर दिसतात. प्रत्येक फेरी स्वतंत्र प्रसंग म्हणून येते. शरीराच्या हिशेबात मात्र फेऱ्या सुट्या नसतात. आठवी फेरी ही पहिल्या सातांच्या बेरजेवर चढलेली असते.

असे असूनही या नाटकाने हा प्रश्न अजिबात ओळखलेला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अखेरच्या प्रसंगात तरुण डॉक्टर नेहमीच्या सवयीने रुग्णाच्या शरीरात किती द्रव गेला आणि किती बाहेर आला याची बेरीज पाहतो. आत गेलेल्याच्या मानाने बाहेर आलेले नगण्य असते आणि मूत्रपिंडे निकामी झाल्याचे त्याच्या लक्षात येते. हा हिशेब पाण्याचा आहे, औषधाचा नव्हे. तरीही आत गेलेले आणि बाहेर आलेले यांतील फरक म्हणजेच शरीरात उरलेले, हे समीकरण रंगमंचावर येथे उघड होते. सिसप्लाटिनच्या संदर्भात हा प्रसंग अधिकच अर्थपूर्ण ठरतो, कारण हे औषध मूत्रपिंडाच्या नलिकांमधील पेशींत ओढले जाते आणि तेथेच साठून त्यांना निकामी करते. औषध बाहेर टाकणारा अवयवच औषधाने बंद पडतो.

नाटकाच्या रचनेची मर्यादा येथेच स्पष्ट होते. नायिकेचा मृत्यू होतो. त्यामुळे उपचारानंतरच्या आयुष्याला रचनेत जागाच उरत नाही. नाट्यदृष्ट्या हे अपरिहार्य आहे आणि त्याबद्दल लेखिकेस दोष देता येणार नाही. परंतु अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणात या नाटकाचा उपयोग केला गेला आहे. त्यामुळे केमोथेरपीची कथा म्हणजे फेऱ्या आणि मग मृत्यू किंवा मुक्ती, हा साचा दृढ होण्याचा धोका संभवतो. नाटकात जॉन डन यांच्या सुनीतातील विरामचिन्हांची चर्चा आहे : जीवन आणि मरण यांच्यामध्ये अर्धविराम असावा की स्वल्पविराम? तोच प्रश्न उपचार आणि उपचारोत्तर आयुष्य यांच्याविषयीही विचारता येतो. रुग्णालयाच्या कागदावर तेथे पूर्णविराम असतो. शरीराच्या पोथीत तो स्वल्पविरामच असतो.

६. मुखर्जी : औषधाचा भूगोल कोणाच्या बाजूने?

मुखर्जी यांचा ग्रंथ या तिन्हींत सर्वांत अलीकडचा व व्यापक आहे. लेखक स्वतः कर्करोगतज्ज्ञ असल्याने औषधांचा इतिहास येथे तपशिलाने येतो. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी १९४७ साली केलेले अमिनोप्टेरिनचे प्रयोग, ते द्रव्य पुरविणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव, पुढे अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती, हे सर्व त्यात आहे. उपचारातून बरे झालेल्या हॉजकिन्स रुग्णांमध्ये त्या उपचारांमुळेच उद्भवणाऱ्या दुसऱ्या कर्करोगाची नोंदही हा ग्रंथ घेतो. म्हणजे व्रणाकडे त्याचे दुर्लक्ष नाही.

तथापि औषध शरीरात नेमके कोठे जाते, हा प्रश्न या कथनात ज्या ठिकाणी सर्वाधिक तीव्रतेने येतो, ते ठिकाण विचारात घेण्याजोगे आहे. साठीच्या दशकात चार औषधांच्या एकत्रित उपचाराने रक्ताच्या कर्करोगातून सावरलेली मुले काही काळाने पुन्हा आजारी पडू लागली. औषधे रक्त व मेंदू यांमधील अडथळा ओलांडू शकली नव्हती आणि कर्कपेशी मेंदूच्या आवरणांत दडून राहिल्या होत्या. ही या ग्रंथातील एक हृदयद्रावक कथा आहे. येथे औषधाचा भूगोल मांडला गेला, कारण ते जेथे पोहोचायला हवे तेथे पोहोचले नाही. ते जेथे पोहोचायला नको होते तेथे पोहोचले, हा याच भूगोलाचा दुसरा भाग होय. मेंदूला वाचविणारा तो अडथळा मेरुरज्जूलगतच्या संवेदी मज्जागंडिकांना लाभलेला नाही. सिसप्लाटिन घेतलेल्या रुग्णांच्या मरणोत्तर तपासणीत मेंदूत प्लॅटिनम अल्प, तर या गंडिकांत ते कितीतरी अधिक आढळले आहे. हातापायांना येणारी बधिरता व जळजळ हा या साठ्याचाच परिणाम मानला जातो आणि उपचार थांबल्यावरही काही महिने ती वाढत राहू शकते.

ग्रंथाला लेखकाने कर्करोगाचे 'चरित्र' म्हटले आहे. चरित्रनायक कर्करोग असल्यामुळे औषधाचा मागही कर्करोगाच्या बाजूनेच काढला जातो. गाठीपर्यंत औषध पोहोचले की नाही, हा प्रश्न केंद्रस्थानी राहतो. बऱ्या झालेल्या माणसाच्या कानात, बोटांत, हृदयात काय उरले, हा प्रश्न कडेला जातो. ही निवड लेखकाची वैयक्तिक उणीव नसून संपूर्ण विद्याशाखेने दीर्घकाळ केलेल्या निवडीचे प्रतिबिंब आहे.

७. शब्दाचा प्रश्न

तिन्ही कृतींत एक समान रिकामी जागा दिसते. युद्ध, फेरी आणि चरित्र या तिन्ही कल्पना काळाच्या आहेत, आणि त्यांना आरंभ व शेवट आहे. ऊतींमधील साठा ही मात्र स्थळाची कल्पना आहे. तिच्यासाठी मराठीत एक नेमके क्रियापद उपलब्ध आहे : मुरणे. लोणचे मुरते, पाणी जमिनीत मुरते, दुखणे अंगात मुरते. साठलेली वस्तू वेगळी दाखविता येते व उपसून काढता येते. मुरलेली वस्तू ज्यात मुरते त्याचाच भाग होते आणि त्याचा गुणधर्म पालटते. प्रथिनांशी बांधलेल्या प्लॅटिनमचे वर्णन याहून अचूक शब्दात करणे कठीण आहे. शिवाय या क्रियापदात दोषारोप नाही. लोणचे मुरावेच लागते, तसे मेथोट्रेक्सेटही पेशीत मुरावेच लागते; तेच फुप्फुसाच्या आवरणातील पाण्यात मुरले तर घातक ठरते. हित आणि अहित यांचा एकाच क्रियेतील हा संयोग युद्धाच्या भाषेला पेलवत नाही.

मराठीतील आरोग्यविषयक लेखनात मात्र या शब्दाऐवजी 'साइड इफेक्ट' हा शब्द सरसकट योजला जातो. त्यामुळे तात्काळ होणारी उलटी आणि पंधरा वर्षांनी येणारे बहिरेपण एकाच रांगेत बसविले जातात.

८. निष्कर्ष

या चिकित्सेतून केमोथेरपीविरुद्ध निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे ठरेल. शरीरात पसरलेला वृषणाचा कर्करोग एकेकाळी बहुधा प्राणघातक असे. सिसप्लाटिनमुळे आज अशा रुग्णांपैकी बहुसंख्य बरे होतात. ज्यांच्या ऊतींत प्लॅटिनम सापडते ते रुग्ण ते मोजता येण्याइतके जगले आहेत, ही गोष्ट विसरता येत नाही. प्रश्न त्यांच्या पुढील आयुष्याचा आहे.

त्या दृष्टीने काही पावले पडली आहेत. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात बालवयात कर्करोगातून बऱ्या झालेल्यांसाठी उपचारोत्तर तपासणीचा स्वतंत्र विभाग १९९१ पासून आहे. मुलांमध्ये सिसप्लाटिनमुळे होणारी श्रवणहानी कमी करण्यासाठी सोडियम थायोसल्फेटला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. परंतु तालुक्याच्या गावी परतलेल्या रुग्णाला वीस वर्षांनी धाप लागते, तेव्हा समोरच्या डॉक्टरला कोणते औषध एकूण किती मात्रेत दिले गेले होते हे कळण्याचा मार्ग पुष्कळदा नसतो. 'सहा केमो झाल्या' एवढीच स्मृती उरते. फेऱ्यांची संख्या स्मरणात राहते आणि औषधाचे नाव व एकूण मात्रा हरवते, ही केवळ कागदपत्रांची उणीव नाही. ती भाषेने लावलेल्या सवयीचीही परिणती आहे.

साहित्याने औषधविज्ञान शिकवावे, अशी अपेक्षा नाही. आजाराची कथा कोठे संपते, हे मात्र साहित्यच समाजाला शिकवीत असते. सॉन्टॅग यांनी आजाराची भाषा शंकास्पद मानण्याचा धडा दिला, एडसन यांनी आत आणि बाहेर यांतील तफावत रंगमंचावर आणली, मुखर्जी यांनी औषधाचा भूगोल रेखाटण्यास आरंभ केला. बरा झालेला माणूस आणि त्याच्या अंगात मुरलेले औषध यांचे सहजीवन हा या तिघांच्या पुढचा विषय आहे. भाषा आणि विज्ञान या दोन्ही विभागांच्या अध्यापकांनी तो एकत्रितपणे हाती घेण्याजोगा आहे. शेवटच्या डोसानंतरच्या पहिल्या दिवसापासून त्याची सुरुवात होते.